बसण्याच्या जागा

बंद पडलेल्या दुकानांविषयी लिहिण्याची एक रीत आपल्याकडे आता रूढ होऊन बसली आहे. कोपऱ्यावरचा इराणी, तासाच्या भाड्याने सायकली देणारा, मासिक वर्गणीवर कादंबऱ्या आणि दिवाळी अंक फिरविणारा वाचनालयवाला, चित्रपटगृहाच्या आवारातला सोडावॉटरवाला, अशी नामावळी उच्चारावयाची, प्रत्येक नावापुढे एकेका पदार्थाची चव किंवा एकेका वस्तूचा वास नोंदवावयाचा, आणि काळाच्या ओघापुढे कोणाचे काही चालत नाही असे म्हणून लेखणी खाली ठेवावयाची, असा तो प्रघात आहे. या आठवणींमागची हळहळ खोटी आहे असे मला मुळीच वाटत नाही. ज्या पिढीने आपले तारुण्य त्या जागांवर घालविले त्या पिढीतलाच मी एक असल्यामुळे ती मलाही परकी नाही. परंतु ज्या गोष्टीबद्दल शोक करावयाचा ती नेमकी कोणती होती, ती कशाच्या आधारावर उभी होती आणि तो आधार कोणी काढून घेतला, हे न विचारता केलेला शोक त्या दुकानांवर आणि त्यांत आयुष्य वेचलेल्या माणसांवर अन्याय करणारा आहे, असे माझे मत उत्तरोत्तर दृढ होत गेले आहे. चव गेली म्हणून हळहळणाऱ्याला चव पुन्हा विकत देता येते. जुन्या इराण्याच्या थाटाची, मुद्दाम जुनी दिसावीत अशी सजविलेली उपाहारगृहे आज मोठ्या शहरांतून निघालीही आहेत, आणि तेथे मस्कापाव उत्तम मिळतो. जे तेथे मिळत नाही त्याविषयी मला लिहावयाचे आहे.

उदाहरण म्हणून मी मुंबईच्या इराण्याचेच घेतो. हे लोक मुंबईत आले ते चहा विकण्याच्या हौसेने आले नव्हते. यझ्द आणि किरमाण या भागांतील जरथुश्त्री प्रजेवर काजार राजवटीत जिझियाचा भार होता आणि त्याच्या जोडीला नित्याचे अपमान होते. मुंबईच्या पारशी मंडळींनी माणेकजी लिमजी हातारिया यांना १८५४ साली आपले प्रतिनिधी म्हणून इराणात पाठविले, आणि वर्षानुवर्षांच्या अर्जविनंत्यांनंतर १८८२ साली शाहाने फर्मान काढून तो कर माफ केला. दरम्यान १८७० नंतरच्या दुष्काळाने इराणच्या गावांची जी वाताहत केली तिच्यामुळे अनेक कुटुंबांनी हिंदुस्थानची वाट धरली होती, आणि हा ओघ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत चालू राहिला. जरथुश्त्र्यांच्या मागोमाग यझ्दकडचे शिया मुसलमानही आले. हातात भांडवल नाही, देशाची भाषा नाही, पण पहाटे उठून भट्टी पेटविण्याची आणि रात्री उशिरापर्यंत गल्ल्यावर बसण्याची तयारी आहे, अशा या निर्वासितांनी शहराचे नाके धरले. धोबी तलावाजवळचे कयानी १९०४ चे, ग्रँट रोड स्थानकासमोरचे मेरवान १९१४ चे, बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया १९२३ चे. पुण्यात डेक्कनवरचे गुडलक १९३५ चे. कोपऱ्याचा गाळा हिंदू दुकानदार अशुभ मानीत आणि म्हणून तो इराण्याला सवलतीने मिळे, असे सांगण्याची पद्धत आहे. त्यात तथ्य असेलही. पण दोन रस्त्यांचा उजेड, दोन रस्त्यांचा वारा आणि दोन रस्त्यांची गिऱ्हाइके एकाच गाळ्यात येतात, हे ओळखण्याची व्यवहारबुद्धीही त्या माणसांपाशी होती, एवढे श्रेय त्यांना द्यावयास हवे.

आमच्या तरुणपणी गिरगावातल्या एका नाक्यावरचे असे दुकान पहाटेच उघडत असे. दाराशी एका अंगाला काचेच्या उंच बरण्यांतून खारी, नानखटाई आणि जिरा-बटर. दुसऱ्या अंगाला लाकडी फडताळात साबण, दाढीची पाती, मेणबत्त्या, आगपेट्या आणि अंडी, म्हणजे निम्मे दुकान वाणसामानाचे आणि निम्मे चहाचे. आत वाफेने वाकविलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, संगमरवरी पाटीची टेबले आणि भिंतीवर आरसे. ब्रुन पाव मागविला की पोऱ्या तो मधोमध चिरून, आत सढळ हाताने मस्का लावून, त्याचे उभे तुकडे करून बशीत आणून ठेवी. तो नुसता खाऊ गेले तर टाळूला ओरखडा उठावा इतका कडक असे. जाड कपातल्या दाट, गोड चहात बुडविला की कवच मऊ पडून मस्क्याचा पिवळा तवंग चहावर पसरे, आणि शेवटचा घोट त्या तवंगासकट घ्यावा लागे. मावा केक आणि खारी यांची भरलेली बशी मात्र न मागताच टेबलावर येई. उठताना तिच्यातले काय आणि किती खाल्ले ते गिऱ्हाइकाने सांगावे, पोऱ्याने ते तेथूनच गल्ल्याकडे ओरडून कळवावे आणि मालकाने तेवढेच पैसे घ्यावेत, अशी वहिवाट होती. बशी मोजून ठेवलेली असे की नाही हे मला ठाऊक नाही. मोजताना मी कोणाला कधी पाहिले नाही.

एवढे वर्णन केल्यावर थांबण्याचा मोह होतो, कारण बहुतेक स्मृतिलेख येथेच थांबतात. परंतु त्या दुकानातली खरी देवघेव याच्या पुढची होती. एका चहाच्या मोलात मनुष्याला तेथे टेबल, खुर्ची, डोक्यावर पंखा, प्यावयास पाणी आणि पाहिजे तितका वेळ मिळे. मालक कप मोजी, तास मोजीत नसे. वर्तमानपत्र सुटे करून ठेवलेले असे. 'मराठा'चे पहिले पान एका टेबलावर, अग्रलेखाचे दुसऱ्यावर, आणि मधले पान कोठे गेले म्हणून तिसऱ्या टेबलावरून विचारणा, अशा रीतीने एकच अंक सकाळभर साऱ्या दुकानाला पुरे. बुधवारी संध्याकाळी रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागली की आत जागा नसलेली मंडळी फूटपाथवर उभी राहून ती ऐकत, आणि त्यांनी चहा घेतलाच पाहिजे असा आग्रह नसे. गर्दीच्या वेळी अनोळखी माणसाच्या समोरची खुर्ची ओढून बसण्याची मुभा होती, किंबहुना तो शिरस्ताच होता. त्यामुळे गिरणीतली पाळी संपवून आलेला कामगार, लघुवाद न्यायालयातल्या वकिलाचा कारकून, नोकरीच्या शोधात गावाहून आलेला पदवीधर आणि परीक्षेची पुस्तके घेऊन बसलेला विद्यार्थी ही माणसे एकाच संगमरवरी पाटीवर आपापले कप ठेवून बसलेली दिसत. त्यांच्यात मैत्री जुळे असे मी म्हणणार नाही. पुष्कळदा ती एकमेकांशी अक्षरही बोलत नसत. परंतु शहरात आपल्याहून निराळ्या स्थितीतली माणसे आहेत, त्यांना काय परवडते, ती कोणते वर्तमानपत्र वाचतात आणि कोणत्या बातमीवर चिडतात, हे ज्ञान माणसाला तेथे काही न करता, केवळ बसल्याने होई. आणि नागरिकत्वाचे याहून स्वस्त शिक्षण मुंबईत दुसरे नव्हते.

भिंतीवर पाट्या असत, हे खरे. वाद घालू नये, थुंकू नये, फार वेळ बसू नये, अशा निषेधांच्या त्या लांबलचक याद्या इतक्या प्रसिद्ध होत्या की धोबी तलावाच्या बस्तानीतल्या पाटीवरून निस्सिम इझीकेल यांनी इंग्रजीत कविता केली. पण पाटीवरचा जाबता आणि दुकानातली वहिवाट यांच्यामध्ये जे अंतर होते, त्या अंतरातच आम्ही वाढलो. पाटीकडे बोट दाखवून मालक एखाद्याला उठवी तो बहुधा दंगा करणाऱ्याला. गप्प बसणाऱ्याला उठविल्याचे मला आठवत नाही.

या जागेचे सामाजिक मोल समजावयाचे असेल तर तिच्या आधीची स्थिती पाहिली पाहिजे. १८९० साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, उपस्थितांची नावे छापून प्रसिद्ध झाली, बहिष्काराचे ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांच्यापर्यंत गेले, आणि न्यायमूर्ती रानड्यांच्या योग्यतेच्या पुरुषाला प्रायश्चित्त घ्यावे लागले. टिळकांचेही नाव त्या यादीत होते. परधर्मीयाच्या घरच्या एका कपावरून एवढा गहजब ज्या समाजात होऊ शकत होता, त्याच समाजाची नातवंडे पुढे इराण्याच्या पावाला आणि कपाला बिनदिक्कत हात लावू लागली. हे परिवर्तन सुधारकांच्या व्याख्यानांनी घडविले असे आपण पाठ्यपुस्तकांतून शिकतो. व्याख्यानांचे ऋण मी नाकारीत नाही, परंतु ज्या टेबलावर तुमच्या आधी कोण बसून गेला हे विचारण्याची सोयच नव्हती, आणि ज्या कपाचे धुणे सर्वांसाठी एकाच हौदात होत होते, त्या टेबलाने आणि त्या कपाने जे काम रोजच्या रोज, कोणाला न डिवचता केले, त्याची नोंद समाजसुधारणेच्या इतिहासात फारशी कोणी घेतलेली नाही. गावाकडे दलिताला चहा वेगळ्या कपातून दिला जात असताना शहरातला इराणी सर्वांना सारख्याच कपात चहा देत होता. परदेशातून आलेल्या, जातीच्या उतरंडीत कोठेच न बसणाऱ्या माणसाला ते सोपे होते हे मान्य करूनही त्या कृतीचे महत्त्व कमी होत नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळले पाहिजे, कारण ती बाजू झाकून ठेवली तर वर केलेली सारी स्तुती लटकी पडेल. त्या टेबलांभोवती स्त्रिया जवळजवळ नसत. काही दुकानांतून पडद्याआडचा किंवा फळ्यांनी बंदिस्त केलेला कौटुंबिक कक्ष असे आणि कोणातरी पुरुषाबरोबर आलेली बाई तेथे बसे. पण एकटी मुलगी एक कप चहा घेऊन, रस्त्याकडे पाहत, निष्कारण तासभर बसली आहे, हे दृश्य आमच्या तरुणपणी कल्पनेतही येत नव्हते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईतील स्त्रियांच्या वावराविषयी २०११ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात स्त्रीला शहरात निर्हेतुक रेंगाळण्याचा हक्क असला पाहिजे असा त्यांचा आग्रह आहे. तो वाचताना माझ्या पिढीच्या रम्य आठवणींपैकी निम्म्या शहराच्या वाट्याला काहीच आले नव्हते, याची जाणीव तीव्रतेने होते. आणि पोऱ्या म्हणून ज्याचा उल्लेख मी सहज करून गेलो, तो कोकणातून किंवा इराणातल्या खेड्यातून आलेला, बहुधा शाळेच्या वयाचा मुलगा असे. रात्री दुकान बंद झाल्यावर तीच टेबले जोडून त्यांच्यावर तो झोपे, आणि पहाटे आम्हांला जो उघडा दरवाजा दिसे तो त्यानेच उघडलेला असे. आमच्या फुरसतीची किंमत त्याच्या झोपेतून भरली जात होती.

किंमत भरणारा आणखी एकजण होता, तो इमारतीचा मालक. मुंबईच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडे मोठ्या अंशी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविले. युद्धानंतरच्या टंचाईत, फाळणीच्या निर्वासितांच्या लोंढ्यात, भाडेकरूला बेदखल होण्यापासून वाचविणारा तो कायदा न्याय्य होता याविषयी मला शंका नाही. परंतु मुदतीचा म्हणून केलेला हा कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत अर्धशतक चालला. घरपट्टी, गवंड्याची मजुरी, लाकूड आणि चुना यांचे भाव कोठल्या कोठे गेले, आणि नाक्यावरच्या गाळ्याचे दरमहा भाडे मात्र त्या गाळ्यातल्या काही ब्रुन-मस्क्यांच्या किमतीइतके उरले. मालकांनी दुरुस्ती सोडून दिली. पावसाळ्यात इमारती पडू लागल्या, तेव्हा सरकारला १९६९ साली उपकर बसवून दुरुस्ती मंडळ काढावे लागले. गोठविलेले भाडे कालांतराने अवाजवी आणि मनमानी ठरले आहे, असा स्पष्ट अभिप्राय सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या डिसेंबरात दिला, आणि त्यानंतर १९९९ चा नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला, ज्याने दरसाल चार टक्के वाढीची मुभा दिली आणि आजवर चोरून चाललेल्या पागडीला राजमान्यता दिली.

हे सारे मी विस्ताराने सांगतो, कारण इराण्याकडे एका चहावर दोन तास बसता येत होते त्याचे कारण मालकाचा उदार स्वभाव एवढेच नव्हते. तो उदार होताही. पण त्याच्या औदार्याला कायद्याचा पाया होता. गाळ्याचे भाडे नगण्य, कुटुंबातलीच माणसे किंवा भागीदार आळीपाळीने गल्ल्यावर, नोकरांचा पगार तुटपुंजा: असा जमाखर्च असल्यावर अडलेल्या खुर्चीचा हिशेब करण्याची त्याला गरज नव्हती. ज्या दिवशी चौरस फुटाचा हिशेब दुकानात शिरला, त्या दिवसापासून बसलेला माणूस हा नुकसानीची बाब ठरला. आमची फुरसत ही शहराने, अजाणता का होईना, आम्हांला दिलेली एक सनद होती, आणि तिचा खर्च आमच्यापैकी कोणीच दिलेला नव्हता. तो घरमालकाच्या खजिन्यातून, पोऱ्याच्या शरीरातून आणि गल्ल्यावरच्या कुटुंबाच्या आयुष्यातून वसूल होत होता.

म्हणून 'काळाचा महिमा' हे स्पष्टीकरण मला मान्य नाही. काळाने एकही इराणी बंद पाडला नाही. काही ठिकाणी मुले शिकली, डॉक्टर-इंजिनिअर झाली, परदेशी गेली, आणि पहाटे भट्टीपाशी उभे राहण्यास कोणी उरले नाही. हा तर त्या निर्वासितांच्या कष्टांचा विजयच म्हणावयाचा, आणि त्याबद्दल गिऱ्हाइकाने तक्रार करणे हे स्वार्थाचे आहे. काहींनी दारूबंदी सैल झाल्यावर परमिट रूम काढली, कारण पाव-चहापेक्षा ती फायद्याची होती. परंतु पुष्कळ दुकाने गेली ती इमारतींच्या पुनर्विकासात, आणि पुनर्विकास हा निसर्गनियम नसून नियमावलीच्या कलमांनी घडविलेला व्यवहार आहे. उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासात दुकानदाराला त्याच्या मूळ क्षेत्राइतके क्षेत्र देण्याची तरतूद आहे, आणि कागदावर पाहिले तर त्याचे काही बुडत नाही. प्रत्यक्षात नवी इमारत होईपर्यंतची काही वर्षे दुकान बंद राहते. तेवढ्यात रोजचे गिऱ्हाईक दुसरीकडे वळते आणि नोकर पांगतात. नवी इमारत रस्त्यापासून मागे सरते, तळमजल्यावर मोटारींचा तळ आणि पहारेकऱ्याची चौकी येते; जो कोपरा दुकानाचे सर्वस्व होता तो कोपराच नाहीसा होतो, आणि हाती आलेल्या काचेच्या गाळ्याचा देखभाल खर्च चहा विकून भागत नाही. तेव्हा तो गाळा बँकेला, औषधांच्या साखळीला किंवा मोबाइलवाल्याला देऊन इराण्याचा वारस घरी बसतो. यात कोणी बेकायदा वागले नाही. ज्या नियमांनी क्षेत्रफळाची भरपाई मोजली त्यांनी उपयोगाची भरपाई मोजली नाही, इतकेच.

येथे कोणी म्हणेल की आजची मुलेही बसतात. कॉफीच्या साखळ्यांची दुकाने गावोगावी झाली आहेत, वातानुकूलित आहेत, आणि तेथे मुली मोकळेपणाने बसतात. शेवटचा मुद्दा फार मोठा आहे, आणि तेवढ्यापुरता मी त्या दुकानांचा ऋणी आहे. परंतु त्यांचा कप हा बसण्याचे भाडे धरूनच विकलेला असतो, आणि ते भाडे ज्याला परवडत नाही तो दाराच्या काचेपासूनच परततो. इमारतीच्या बांधकामावरचा मजूर, घरकामाला जाणारी बाई, माल पोचविण्याच्या दोन फेऱ्यांमध्ये दुचाकीवरच बसून राहिलेला तरुण, यांच्यापैकी कोणी तेथे दिसत नाही. हा तरुण तर माझ्या दृष्टीने आजच्या शहरातला सर्वांत महत्त्वाचा निराश्रित आहे. दिवसातले कितीतरी तास तो रस्त्यावर काढतो, शहराचे सारे जेवण त्याच्या पाठीवरून जाते, आणि पंख्याखाली दहा मिनिटे टेकावयास त्याला एक खुर्ची नाही. त्याच्या आजोबांना, ते गिरणीत असोत की गोदीत, ती खुर्ची होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, त्यांच्या भोवतीच्या खानावळी आणि चहाची दुकाने गेली, त्या जमिनींवर मॉल उभे राहिले. मॉलमध्ये बसावयाच्या जागा भरपूर आहेत, पण आत शिरताना पहारेकरी कोणाच्या पायांतल्या चपलांकडे पाहतो हे सर्वांना ठाऊक आहे.

इतर हरवलेल्या दुकानांविषयी मला इतके लिहावेसे वाटत नाही, आणि याचे कारण उदासीनता नव्हे. पुण्याची तासावर सायकली देणारी दुकाने गेली, कारण सायकलीच गेल्या. काळा घोड्यावरचे ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झाले तेव्हा वाईट वाटले, पण त्यांच्या बंदिस्त खोल्यांत उभे राहून ऐकलेले संगीत आज कोणत्याही मुलाला घरबसल्या ऐकता येते, म्हणजे वस्तू उरली आणि केवळ दुकान गेले. टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली सुरू केलेले स्ट्रँड हे पुस्तकांचे दुकान २०१८ मध्ये बंद झाले, त्याचे दुःख याहून अधिक खोल होते, कारण विकत न घेता पुस्तक चाळीत उभ्या असलेल्या माणसाकडे तेथे कोणी त्रासून पाहत नसे. जहांगीर कलादालनातले, १९६४ पासून चाललेले सॅमोव्हर उपाहारगृह २०१५ साली उठले, आणि अरुण कोलटकर ज्या वेसाइड इनमध्ये बसून रस्ता पाहत आणि ज्याच्या खिडकीतून दिसणाऱ्या माणसांवर त्यांच्या काळा घोड्याच्या कविता उभ्या आहेत, ते त्याच्याही आधी गेले. त्या कविता २००४ साली पुस्तकरूपाने आल्या. अशी कविता लिहावयाची तर वर्षानुवर्षे त्याच खुर्चीवर बसू देणारे कोणी असावे लागते, ही गोष्ट आपल्या साहित्यसंस्थांच्या ठरावांत कधी आलेली मी पाहिली नाही. अनुदान पुस्तकाला मिळते. खुर्चीला मिळत नाही.

मुंबईला वारसा जतनाचे नियम १९९५ सालीच मिळाले, आणि देशात ते पहिले म्हणून त्यांचा गौरवही झाला. त्या नियमांनी दगडी कमानी, लाकडी सज्जे आणि ओतीव लोखंडाचे खांब वाचविले, हे मोठे काम आहे. पण नियम वास्तूचे होते, वापराचे नव्हते. फोर्ट विभागात जुन्या दर्शनी भागाला हात न लावता आतल्या आत सारे पालटून टाकलेले गाळे आज कितीतरी आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला इतिहास शाबूत दिसतो आणि आत जाणाऱ्याला पाकिटाचा अंदाज घ्यावा लागतो. भिंत हा वारसा असेल तर त्या भिंतीआड कोणालाही बसता येत होते हाही वारसाच आहे, आणि तो जतन करण्याचे उपाय जगात सुचलेले नाहीत असे नाही. सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१५ साली मतदान घेऊन असा निधी उभारला की जुन्या, लोकांच्या जिव्हाळ्याच्या दुकानाला जो घरमालक किमान दहा वर्षांचा भाडेपट्टा करून देईल त्याला शहराने अनुदान द्यावे. भाडे गोठवून घरमालकाला नागविणे आणि भाडे मोकळे सोडून दुकानदाराला उठविणे, यांच्या मधला हा मार्ग आहे. खर्च शहर उचलते, कारण लाभ शहराचा आहे.

आपल्या देशातलाही एक दाखला विसरता येत नाही. कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे १९५० नंतरच्या दशकात बंद करण्यास सुरुवात केली तेव्हा शेकडो नोकर रस्त्यावर येण्याची वेळ आली, आणि कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने त्या नोकरांनी १९५७ पासून सहकारी संस्था काढल्या आणि ती कॉफीगृहे स्वतः चालवावयास घेतली. साठाहून अधिक वर्षांनंतरही त्यांपैकी पुष्कळ चालू आहेत, आणि ज्याच्या खांद्यावर त्या फुरसतीचा भार पडत होता तोच तिचा मालक झाला, हा त्या घटनेतला माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग आहे. सहकाराची परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्रात, जेथे साखर, दूध, पतपेढ्या आणि गृहनिर्माण संस्था सहकाराने उभ्या राहिल्या, तेथे नाक्यावरचा चहा सहकाराने चालविण्याची बुद्धी अजून कोणाला का होऊ नये?

माझी मागणी जुन्या खुर्च्या परत आणा अशी नाही. पुनर्विकासाच्या प्रत्येक मोठ्या योजनेत शाळा, बगीचा आणि दवाखाना यांच्यासाठी आरक्षणे असतात, तशी रस्त्याला लागून, पायरी न चढता जाता येईल असा एक गाळा चहा-न्याहारीसाठी राखून ठेवावा; तो चालविण्याचा पहिला हक्क तेथल्या जुन्या दुकानदाराला आणि त्याने नाकारल्यास त्याच्या नोकरांच्या किंवा परिसरातल्या स्त्रियांच्या सहकारी संस्थेला मिळावा; भाडे ठरवून दीर्घ मुदतीचा पट्टा करावा, बाजारभावातली तूट मालमत्ता करातून वजा करावी, आणि त्या सवलतीच्या बदल्यात एवढीच अट असावी की एक कप घेतलेल्या कोणासही, मग तो पुरुष असो वा स्त्री, आणि त्याच्या अंगावर कोणतेही कपडे असोत, उठविता येणार नाही. बांधकामाच्या काळात त्या दुकानदाराला जवळच तात्पुरती जागा देणे विकासकावर बंधनकारक असावे, कारण रहिवाशाला संक्रमण शिबिर लागते तसे दुकानाच्या गिऱ्हाइकीलाही ते लागते. यांतल्या पहिल्या तरतुदीसाठी विकास नियंत्रण नियमावलीत एका उपकलमाची भर पुरेशी आहे, आणि करसवलतीची सुरुवात महापालिकेच्या सभागृहातल्या एका ठरावाने होऊ शकते. धोबी तलाव, ग्रँट रोड, गिरगाव या भागांत जे मोजके इराणी अजून उघडे आहेत त्यांच्या इमारती जुन्या झाल्या आहेत आणि पुनर्विकासाचे प्रस्ताव त्यांच्याही दाराशी येणार आहेत. ते उपकलम त्याच्या आधी व्हावयास हवे.